ह्रिसेइच्या खिडक्या

(आपल्या १९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषयही त्यांनीच दिला आहे : "तू तिकडे बर्फात काय करत होतीस ते एकदा सांगून टाक." २०२४ च्या जानेवारीत मी ग्रुपवर पांढऱ्या डोंगरांचे फोटो टाकले, तेव्हा तुमचे अंदाज मी सगळे वाचले होते. कंपनीने पाठवलं असणार, असं निम्म्यांना वाटलं. एकाने विचारलं, नोकरी गेली का? आणि आपल्या एका मैत्रिणीने, नाव घेत नाही, ती इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे, रात्री अकराला स्वतंत्र मेसेज केला : "घरी सगळं ठीक आहे ना?" म्हणजे चव्वेचाळिशीची बाई नवऱ्याला आणि मुलीला पुण्यात ठेवून एकटी सहा आठवडे चित्रं काढायला जाते, यामागे काहीतरी बिनसलेलं असणारच. सगळं ठीक होतं. आता एकदाच सगळ्यांना उत्तर देते.

जगात बऱ्याच ठिकाणी 'आर्टिस्ट रेसिडेन्सी' नावाचा प्रकार असतो. आपण त्याला कलावंत-निवास म्हणू. चित्रकार, लेखक, संगीतवाले यांना काही आठवडे राहायला आणि काम करायला जागा मिळते. आधीचं काम पाठवायचं, तिथे काय करणार ते लिहायचं, निवड झाली तर जायचं. काही ठिकाणी मानधन देतात. पुष्कळ ठिकाणी भाडं, प्रवास, जेवण सगळं आपलं आपण. माझं हे दुसऱ्या जातीचं. तेव्हा कुणी म्हणेल की हिने काही मिळवलं, तर नाही. बिनपगारी रजा घेऊन साठवलेले पैसे घालवले. रजेच्या अर्जावर आमच्या मॅनेजरसाहेबांचा पहिला प्रश्न होता, "पण यातून डिलिव्हर काय होणार?" बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. मी म्हटलं, "कागद." त्यांना वाटलं रिसर्च पेपर. मी तो गैरसमज तसाच राहू दिला.

माझं आधीचं काम म्हणजे तरी काय? गेली आठ-नऊ वर्षं दर रविवारी सकाळी पुण्यातल्या पेठांमध्ये वह्या घेऊन बसणाऱ्या काही जणांबरोबर मी बसते. वाडे काढते, पडायला आलेले. पण खरी सुरुवात त्याच्या फार आधीची, आणि ती ज्यांनी करून दिली ते चित्रकलेचे सर आज समोर बसले आहेत. सर, एलिमेंटरीला तुम्ही आमच्याकडून वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असं सगळं घोटून घेतलं होतं. इंटरमिजिएटही झाली. मग नववी-दहावी आली आणि चित्रकलेचा तास गणिताला गेला. बाई, तुम्ही हसू नका, तो तास तुम्हीच घ्यायचात. आणि तुम्ही तो घेतलात म्हणून मी इंजिनिअर झाले, तेव्हा तक्रार मुळीच नाही.

आता जागा सांगते. आइसलँड हे बेट, आणि त्या बेटाच्या उत्तरेला एक लांब खाडी आहे, एयाफ्योर्दुर. आपल्याला खाडी समजावून सांगायला नको. फक्त ही हिमनदीने कोरलेली, दोन्ही बाजूंना सह्याद्रीच्या तोलाचे डोंगर, आणि तेही पायथ्यापर्यंत पांढरे. त्या खाडीच्या मध्यावर ह्रिसेइ नावाचं छोटं बेट आहे. लांबी सातेक किलोमीटर, वस्ती दीडशेच्या आसपास. आर्क्टिक वृत्त तिथून जेमतेम साठ किलोमीटर. गावात एक चर्च, गावकऱ्यांनी मिळून चालवलेलं एक दुकान, एक लहानशी शाळा, एक पोहण्याचा तलाव. आणि 'गाम्ली स्कोली' म्हणजे जुनी शाळा नावाचं एक घर, जिथे आता कलावंत येऊन राहतात. हो, मी शाळेतच राहत होते! संयोजकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच माझं नाव वक्त्यांच्या यादीत घातलं.

मुंबईहून दोन विमानं बदलून रेक्याविक, तिथून छोट्या विमानाने आकुरेरी, तिथून सुमारे पस्तीस किलोमीटर गाडीने एका धक्क्यावर, आणि मग सेवार नावाची बोट. बोटीला पंधरा मिनिटं लागतात. आपल्या तरीपेक्षा जास्त नाही. बेटावर उतरलं की धक्क्यावर एकचाकी हातगाड्या उभ्या असतात. बोटीतून आणलेलं वाणसामान लोक त्यात घालून ढकलत घरी नेतात. मोटारी अगदी थोड्या, ट्रॅक्टर मात्र बरेच. माझी सत्तावीस किलोची बॅग, ज्यात सहा किलो कागद आणि दोन किलो मेतकूट-भाजणी-चटण्या होत्या, ती अशाच हातगाडीतून वर गेली.

"उणे किती होतं?" हा तुमचा ठरलेला प्रश्न. तुमची निराशा करते. बहुतेक दिवस शून्याच्या आसपास, कधी उणे आठ-दहा. अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे आइसलँडचा किनारा त्याच्या नावाइतका थंड नाही. त्रास देतो तो वारा. हवामान खातं पिवळी, नारिंगी, लाल अशा रंगांत इशारे देतं, आणि नारिंगी आला की बोट बंद. एकदा तीन दिवस बंद होती. दुकानातलं दूध संपलं. घरं मात्र उबदार, कारण जमिनीतून निघणारं गरम पाणी नळांनी घराघरांत खेळवलेलं असतं. मी पुण्यात पंखा लावून जेवढी पांघरुणं घेते त्यापेक्षा तिथे कमी घेतली.

खरी गोष्ट थंडीची नव्हती, उजेडाची होती. मी ५ जानेवारीला पोचले तेव्हा दिवस होता साडेतीन तासांचा. तोही पंचांगातला. सूर्य क्षितिजाच्या वर बोटभर येतो आणि आडवाच सरकत जातो. ढग असले तर तेवढाही नाही. पहिले काही दिवस मी सूर्य पाहिलाच नाही. पण तो असा तिरका, रेंगाळत येत-जात असल्यामुळे आधी आणि नंतर तास-दीड तास एक निळा उजेड असतो. ना दिवस, ना रात्र. आपल्याकडे तिन्हीसांजा म्हणेपर्यंत संपतात, तिकडे त्या एवढ्या लांबतात की चहा होतो, कपडे वाळत घालून होतात, एक चित्र होतं, तरी त्या असतातच. मग दिवस रोज सहा-सात मिनिटांनी वाढायला लागतो. आठवड्याला पाऊण तास! सतरा फेब्रुवारीला मी निघाले तेव्हा तो आठ तासांच्या वर गेला होता. तिथून थोडं पुढे सिग्लुफ्योर्दुर नावाचं गाव आहे. तिथे डोंगरांमुळे नोव्हेंबरच्या मध्यापासून सूर्य दिसत नाही, तो २८ जानेवारीला येतो. त्या दिवशी मुलं गाणी म्हणतात आणि लोक पातळ, जाळीदार पॅनकेक करून खातात. मी ते पॅनकेक आमच्या बेटावर खाल्ले. घावनच ते, फक्त साखर घातलेलं.

उत्तरेचे दिवे, म्हणजे अरोरा, पाहिले का? पाहिले. पहिल्यांदा मला तो राखाडी ढग वाटला होता. फोनचा कॅमेरा त्याला हिरवागार करतो, डोळ्यांना तो पुष्कळदा फिकटच दिसतो. मग एका रात्री खरोखर हिरवा पडदा हलला आणि मी मान मोडेपर्यंत बघत उभी राहिले. पण त्याचं चित्र मी एकही काढलं नाही. ते फोटोवाल्यांचं काम आहे आणि ते त्यांनी इतकं केलंय की आता काही शिल्लक नाही.

मी जायच्या आधी अर्जात लिहिलं होतं की खाडीचा रंग रोज एकाच वेळी जलरंगात टिपेन. तिथे पोचल्यावर कळलं की जलरंग बाहेर नेला तर कागदावरच गोठतो. गोठताना त्यात पिसांसारखी सुरेख नक्षी उमटते, पण ती नक्षी बर्फाची, माझी नव्हे. मी ते करून पाहिलं. संध्याकाळी फिरायला जायचे तेव्हा मात्र माझं लक्ष सारखं दुसरीकडेच जायचं. खिडक्यांकडे.

तिकडे नाताळ ६ जानेवारीला संपतो, पण अंधार संपलेला नसतो, म्हणून पुष्कळ जण दिवे उतरवत नाहीत. खिडकीत सात मेणबत्त्यांसारखे विजेचे दिवे, मधला उंच, बाजूचे उतरते. पडदेही फारसे ओढलेले नसतात. त्या काळोखात, बर्फावर, प्रत्येक घरापुढे उजेडाचा एक पिवळा चौकोन पडलेला. एक घर, एक चौकोन. मग दोन घरं काहीच नाही. मग परत एक.

मी जलरंग बाजूला ठेवले आणि कोळसा घेतला. रोज संध्याकाळी सहाला धक्क्यापासून चर्चपर्यंत आणि परत असा एकच रस्ता, एकच जागा ठरवून उभं राहायचं आणि नुसतं बघायचं. वाऱ्यात कागद उघडणं शक्य नव्हतं आणि हातमोजे काढले की दोन मिनिटांत बोटं निकामी. म्हणून बघायचं, डोक्यात भरायचं, घरी यायचं आणि काढायचं. सर, हे तुमचं स्मरणचित्र! 'एसटी स्टँडवरील दृश्य', 'बाजाराचा दिवस' असे विषय तुम्ही द्यायचात आणि म्हणायचात की आठवत नसेल ते काढू नका, रिकामं सोडा. तेवढं एकच वाक्य घेऊन मी सहा आठवडे काम केलं. अख्खा कागद कोळशाने काळा करायचा आणि मग कणकेसारख्या मऊ खोडरबराने, जिथे दिवा दिसला होता तेवढंच पुसायचं. म्हणजे मी तिथे चित्रं काढली नाहीत, पुसली. रोज एक कागद, खाली तारीख. वादळाचे काही दिवस सोडता अडतीस कागद झाले.

माझ्या व्यवसायातले लोक यावर हसतील, कारण हे म्हणजे सरळसरळ लॉग ठेवणं झालं. पण लॉगची गंमत अशी असते की एक ओळ वाचून काही कळत नाही, आणि पन्नास ओळी एकाखाली एक ठेवल्या की यंत्रणेच्या सवयी दिसायला लागतात. मी कागद भिंतीवर एकाशेजारी एक लावत गेले. तिसऱ्या आठवड्यात मला गावाच्या सवयी दिसायला लागल्या. कोण लवकर झोपतं. कुठे शुक्रवारी वरच्या मजल्यावरही दिवा लागतो, म्हणजे शहरातून मूल घरी येतं. आणि पुष्कळ घरं, जी एकाही कागदावर उजळलेली नव्हती.

ही घरं कोणाची, हे मला तलावावर कळलं. तलावाला लागून उघड्यावर गरम पाण्याचं कुंड असतं. डोक्यावर बर्फ पडतोय आणि मानेपर्यंत आपण गरम पाण्यात. तो त्यांचा पार. सगळ्या बातम्या तिथे. त्यात उतरण्याआधी अंगावर काहीही न ठेवता, सगळ्यांच्या देखत साबण लावून आंघोळ करावीच लागते असा कडक नियम आहे. त्याविषयी मी स्टेजवरून अधिक सांगत नाही, मैत्रिणींनी जेवताना विचारावं.

कुंडात सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं मला त्यांच्या इंग्रजीतून गाव सांगायची. एकेकाळी इथे हेरिंग माशाच्या हंगामात नॉर्वे आणि स्वीडनची जहाजं यायची. त्याच्याही आधी इथले लोक मोठ्या शार्क माशांची शिकार करायचे. मांसासाठी नव्हे, यकृताच्या तेलासाठी. ते तेल युरोपातल्या शहरांमध्ये दिव्यांत जळायचं. मला हे ऐकून फार मौज वाटली. स्वतः तीन तासांच्या दिवसात राहायचं आणि दुसऱ्यांच्या रस्त्यांवर उजेड पाडायचा. शार्क मारण्यात नाव काढलेल्या एका माणसाचं घर तिथे संग्रहालय म्हणून जपलं आहे. वादळात फुटलेल्या नॉर्वेच्या जहाजांच्या लाकडातून ते बांधलेलं. शार्कचं मांस आंबवून, वाळवून खातात, आणि जानेवारीच्या अखेरीस थोर्री नावाचा त्यांचा जुना महिना लागला की त्याची जेवणावळ असते. मी एक तुकडा खाल्ला. आपल्याकडची सुकट ज्यांच्या घरात चालते त्यांनाच पुढचं समजेल, पण सुकट त्यापुढे चंदन आहे.

मग मासळीवर प्रक्रिया करणारा कारखाना बंद झाला, तरुण माणसं आकुरेरीला, रेक्याविकला गेली. घरं पडली नाहीत, विकली गेली. शहरातल्यांनी घेतली, उन्हाळ्यात येतात. जूनमध्ये ये, म्हणाले, सगळी घरं भरलेली दिसतील. मी मनात म्हटलं, मला हे सांगायला नको. आमच्याकडे हा महिना गणपतीत आणि शिमग्यात येतो.

गावाची शाळा छोटी आहे, मुलं अगदी मोजकी. मी दोन दिवस त्यांच्याबरोबर कोळशाने चित्रं काढली. मुलं शिक्षकांना नुसत्या नावाने हाक मारतात, कारण त्या देशात पहिलं नाव हेच नाव, आडनाव बहुतेकांना नसतंच, बापाच्या किंवा आईच्या नावाला मुलगा-मुलगी जोडतात. सुतारकाम, शिवण-विणकाम, स्वयंपाक हे विषय मुलगे-मुली दोघांना शिकावेच लागतात. म्हणजे आपला कार्यानुभव, पण खराखुरा. आणि मधल्या सुट्टीत अंगणात र्यूपा नावाचे पांढरेशुभ्र पक्षी फिरत असतात, तितराच्या कुळातले, पायांच्या बोटांपर्यंत पिसं असलेले. बेटावर कोल्हा नाही, शिकारीला बंदी, त्यामुळे ते माणसाला घाबरतच नाहीत. मुलं त्यांना ओलांडून जातात.

मी तिथे असताना आणखी एक गोष्ट घडत होती. देशाच्या नैर्ऋत्य टोकाला ग्रिंदाविक नावाचं गाव आहे, मासेमारीचंच, तेव्हा सुमारे अडतीसशे वस्तीचं. १० नोव्हेंबर २०२३ च्या रात्री, जमिनीखाली शिलारस सरकतोय म्हणून ते अख्खं गाव काही तासांत रिकामं केलं. १४ जानेवारीला ज्वालामुखीची भेग गावाच्या अगदी वेशीवर उघडली आणि तीन घरं जळाली. टीव्हीवर ते थेट दिसत होतं. तुम्ही सगळे मला विचारत होतात, तू सुरक्षित आहेस ना? मी देशाच्या दुसऱ्या टोकाला होते, मला काही नव्हतं. पण त्या दिवशी कुंडात कोणी बोलत नव्हतं. ८ फेब्रुवारीला पुन्हा उद्रेक होऊन गरम पाण्याची मोठी नळवाहिनी लाव्हाखाली गेली आणि त्या भागातल्या वीस हजारांहून जास्त लोकांच्या घरातली ऊब थंडीत बंद पडली. एक आजोबा मला म्हणाले, "आमचं गाव हळूहळू रिकामं झालं म्हणून आम्ही रडत बसतो. त्यांचं एका रात्रीत झालं." मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "पण त्यांना निदान कारण तरी दाखवता येतं."

शेवटच्या आठवड्यात जुन्या शाळेत सगळ्यांनी आपलं काम गावाला दाखवायचं असा बेत ठरला. माझ्याबरोबर फिनलंडची एक विणकर होती आणि कॅनडाचा एक जण होता, जो फक्त आवाज गोळा करत होता, बर्फ तुटण्याचे वगैरे. आम्ही कॉफी केली, मी पोहे केले. पोहे माझेच, कढीपत्ता मात्र वाळका. पंचवीसेक माणसं आली, म्हणजे गावाच्या मानाने गर्दी.

मला भीती होती की त्यांना हे सगळे काळे कागद सारखेच वाटतील. झालं उलटं. चित्र म्हणून कोणी बघेचना. ते वाचायला लागले. एक बाई एका कागदापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "ही मी. आणि या तारखेला मी नाही, कारण दातांच्या डॉक्टरकडे गेले होते आणि शेवटची बोट चुकली." दुसरे एक जण आपल्या खिडकीचा अख्ख्या सहा आठवड्यांचा हिशेब बोटाने लावत होते. कोणी म्हणालं, इथे एक दिवा जास्त काढलास. मी म्हटलं, नाही, त्या दिवशी होता. त्यांनी आपसात चर्चा केली आणि मान्य केलं, पाहुणे आले होते. माझ्या कामाची एवढी कसून तपासणी माझ्या कंपनीतही कधी झालेली नाही.

ओळीच्या मधोमध एक घर होतं. अडतीसच्या अडतीस कागदांवर तिथे दिवा होता, त्याच एका खिडकीत, त्याच आकाराचा. मला ते घर आवडायचं. वाऱ्यातून परत येताना ते दिसलं की निम्मा रस्ता झाला असं समजायचं. मी सहज विचारलं, इथे कोण राहतं? हे एवढे घरकोंबडे कोण?

खोली एकदम शांत झाली. मग दातांच्या डॉक्टरवाल्या बाई म्हणाल्या, "तिथे कोणी नाही. तो टायमर आहे."

त्या घरातल्या आजी आकुरेरीला वृद्धांच्या निवासात गेल्या होत्या. मुलगा रेक्याविकला. जाताना त्याने खिडकीतला दिवा टायमरवर लावून ठेवला, दुपारी चारला लागतो, रात्री अकराला विझतो. मी विचारलं, चोरांसाठी का? त्यांना प्रश्नच कळला नाही. चोर बोटीने येणार आणि हातगाडी ढकलत परत जाणार का? मग त्यांनी मला समजावून सांगितलं. समोरच्या घरात एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात. चाळीस वर्षं त्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या की समोर ही खिडकी दिसायची. ती काळी झाली तर त्यांना ते सोसणार नाही, म्हणून मुलाने दिवा ठेवला. खोटा दिवा आहे हे त्यांना माहीत आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. विजेचं बिल तो भरतो.

तुमच्यापैकी जे गावात राहतात त्यांच्या एव्हाना लक्षात आलं असेल मी कुठे चाललेय. बाबा गेल्यावर २०२१ मध्ये आईला मी पुण्याला नेलं. वरच्या आळीतलं आमचं घर बंद केलं. आणि मी, इंजिनिअर ना, ओटीवर एक वायफायचा बल्ब बसवला. पुण्यात बसून फोनवरून चालवायचा. संध्याकाळी सातला लावायचा, साडेदहाला विझवायचा. मधे कधीतरी आतल्या खोलीतला लावायचा, म्हणजे चोराला वाटावं माणसं आहेत. मला त्या व्यवस्थेचा अभिमान होता. ऑफिसात मी ती लोकांना दाखवायचे. भाऊ अमेरिकेत, तो म्हणत होता विकून टाकू, आणि एक गिऱ्हाईकही आलं होतं. मी ह्रिसेइला निघाले तेव्हा हा निर्णय परत आल्यावर घ्यायचा असं आमचं ठरलं होतं. खरं सांगायचं तर सहा आठवडे तो लांबवता येईल, हेही त्या अर्जामागचं एक कारण होतं.

आइसलँडमध्ये असताना रोज आपल्या संध्याकाळी सातला, म्हणजे तिकडच्या दुपारी दीडला, माझ्या फोनवर सूचना यायची : ओटीवरचा दिवा लागला. त्या प्रदर्शनाच्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी दीडला ती आली, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, समोर कोण राहतं? समोर आपल्या शाळेच्या शिपाईमामांच्या वहिनी राहतात, हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी कुठे उभ्या राहतात आणि त्यांना काय दिसतं, हे मी कधी मनात आणलं नव्हतं.

परत आल्यावर आईला सगळे कागद दाखवले. तिने चष्मा लावून सगळे पाहिले आणि त्या मधल्या घरावर बोट ठेवून म्हणाली, "ही बाई परत नाही का येणार?" मी म्हटलं, नाही बहुधा. ती म्हणाली, "मी येऊ शकते. गुडघे सोडले तर मला काय झालंय?" मग पंधरा दिवस आमच्या घरात बरंच बोलणं झालं, भावाशी फोनवर, नवऱ्याशी, डॉक्टरांशी. ते सगळं इथे सांगत नाही. भावाची बाजूही चुकीची नव्हती. कौलं, वाळवी, घरपट्टी, आणि आईचं वय, हे प्रश्न चित्रं काढून सुटत नाहीत.

पण २०२४ च्या मे महिन्यात आम्ही घर उघडलं. आई मे ते गणपतीपर्यंत इथे राहते. मी महिन्यातले दहा दिवस येते आणि ओटीवर लॅपटॉप उघडून काम करते. नेट पुण्यापेक्षा बरं आहे, वीज नसते तेव्हा काहीच नसतं. दोन वर्षांसाठी असं ठरलंय, मग परत बसून बघू. विक्रीचा विषय बंद झालेला नाही, फक्त पुढे गेलाय. पहिल्याच दिवशी मी तो बल्ब काढायला स्टूलवर चढले, तर समोरच्या वहिनी गडग्याजवळ येऊन म्हणाल्या, "असू दे गं तो. तू पुण्याला गेलीस की लाव. मला ठाऊक आहे तो कसा लागतो ते, आमच्या नातवाने सांगितलं." म्हणून तो अजून आहे. आता वेळ त्याच सांगतात. साडेसात. सातला त्यांची मालिका असते.

ते अडतीस कागद ह्रिसेइलाच ठेवून यावेत असं मला वाटलं होतं, पण दातांच्या डॉक्टरवाल्या बाई म्हणाल्या, आम्हाला काय करायचेत, आम्हाला खिडक्या आहेत. एक मात्र त्यांनी ठेवून घेतला, त्या स्वतः ज्यात नाहीत तो. बाकीचे सदतीस आज वर सातवी ब च्या वर्गात भिंतीला लावले आहेत. सर, तुम्ही वर चढू नका, मी खाली आणून दाखवते. आणि त्यांच्याशेजारी एक कोरा काळा कागद आहे, मोठा, आपल्या वरच्या आळीचा. त्यावर फक्त रस्ता आणि घरांच्या कडा आहेत. खोडरबर टेबलावर ठेवलंय. ज्यांना आपलं घर कुठे येतं ते माहीत आहे आणि तिथे आज रात्री दिवा लागणार आहे, त्यांनी तेवढं पुसायचं. खोटा दिवा असला तरी चालेल.

एक शेवटचं, आणि हे जरा जाहिरातीसारखं वाटेल. आमच्या घराची माडीवरची खोली जुलै-ऑगस्टमध्ये रिकामी असते. कुणाला लिहायचं असेल, काढायचं असेल, पेटी वाजवायची असेल, किंवा नुसतं पावसाकडे बघत आठ दिवस बसायचं असेल, तर यावं. निवड समिती नाही, आई आहे. भाडं नाही. चादर आपली आणावी, कोपऱ्यात गळतं तिथे बादली ठेवलेली आहे ती हलवू नये. आई नसेल तेव्हा किल्ली आपल्या वर्गातल्या किराणावाल्या मित्राकडे असते. बुधवारी जाऊ नका. बुधवारी बाजार, त्या दिवशी तो गल्ला सोडून उठत नाही.